नेहमीच्या वस्तू, नवे उपयोग : प्राथमिक वर्गांचे शिक्षक आणि पालक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात पहिली ते पाचवीच्या वर्गांत ‘या वस्तूचे आणखी काय करता येईल?’ हा उपक्रम घेताना शिक्षक आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उपक्रमाला खर्च नाही आणि विकत आणायचे साहित्यही नाही. मात्र मोठ्या माणसाने कोठे बोलायचे आणि कोठे गप्प बसायचे हे आधी ठरलेले नसेल, तर पहिल्या दहा मिनिटांतच त्याचा हस्तकलेचा तास होऊन जातो. म्हणून काही उत्तरे जरा सविस्तर आहेत.

हा उपक्रम नेमका काय आहे?

रोजच्या वापरातली एक वस्तू मुलांसमोर ठेवायची, ती हाताळू द्यायची आणि तिचा नेहमीचा उपयोग सोडून आणखी कोणते उपयोग करता येतील ते मुलांनाच शोधू द्यायचे, एवढाच हा उपक्रम आहे. त्याची मुळे मानसशास्त्रात आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढील आपल्या अध्यक्षीय भाषणात, मानसशास्त्राने सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे फारच दुर्लक्ष केल्याचे मांडले आणि पुढे एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणारा विचार मोजण्यासाठी चाचण्या तयार केल्या. वीट किंवा वर्तमानपत्र यांसारख्या साध्या वस्तूचे जमतील तितके वेगळे उपयोग सांगणे ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध चाचणी होय. आपण वर्गात चाचणी घेत नाही. तिच्यातला प्रश्न तेवढा उचलतो आणि त्यात एक भर घालतो, ती म्हणजे सुचलेला उपयोग शक्य असेल तेथे हाताने करून पाहणे. ही भर फार महत्त्वाची आहे. नुसते तोंडी सुचवणे मुलांना चटकन जमते आणि तितक्याच चटकन कंटाळवाणेही होते.

हे तर ‘टाकाऊपासून टिकाऊ’च झाले. त्यात वेगळे काय?

वस्तू त्याच असू शकतात, पण निर्णय कोण घेतो यात फरक आहे. ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या तासाला शिक्षक आधीच ठरवून येतात की आज बाटलीपासून फुलदाणी करायची, मग चाळीस मुले चाळीस फुलदाण्या करतात आणि त्यांतली सर्वांत नीटस फुलदाणी प्रदर्शनात जाते. त्या तासाला हाताचे कौशल्य वाढते, रंग आणि कात्री कशी वापरायची हे कळते, आणि ते शिकणेही गरजेचे आहे. परंतु बाटलीचे काय करावे, हा विचार वर्गात एकाच व्यक्तीने केलेला असतो. ती व्यक्ती म्हणजे शिक्षक, किंवा वस्तू घरून करून आणायची असेल तर रात्री अकरापर्यंत जागलेली आई.

दुसरा फरक असा की या उपक्रमात वस्तू टाकाऊ असण्याची गरज नाही. उलट रोज वापरात असलेली वस्तू अधिक चांगली, कारण तिचा एकच उपयोग मुलाच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो आणि तो सैल करणे हेच आपले काम आहे. तिसरा फरक म्हणजे तासाच्या शेवटी दाखवण्याजोगी वस्तू तयार झालीच पाहिजे असा आग्रह येथे नाही. केंद्रप्रमुख भेटीला आले आणि टेबलावर काहीच नाही, अशी वेळ येऊ शकते. अशा वेळी फळ्यावरची उत्तरांची यादी दाखवावी.

कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

पहिलीपासून, किंबहुना बालवाडीपासून. लहान मुलांना हे जमणार नाही अशी समजूत आहे. प्रयोग मात्र वेगळेच सांगतात. टिम जर्मन आणि मार्गारेट डिफेटर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांसमोर एक अडचण ठेवली होती : एका बाहुल्याला उंच फळीवरच्या खेळण्यापर्यंत पोहोचवायचे आहे, पण हाताशी असलेले ठोकळे रचून उंची पुरत नाही. उत्तर असे की ज्या खोक्यात वस्तू भरून ठेवल्या होत्या, तेच खोके पालथे घालून त्याचा चौथरा करायचा. खोके ‘वस्तू ठेवण्यासाठी’ आहे असे आधी दाखवले, तेव्हा सहा-सात वर्षांच्या मुलांना हा उपाय सुचायला जास्त वेळ लागला. पाच वर्षांच्या मुलांवर मात्र त्या दाखवण्याचा परिणाम झाला नाही. म्हणजे एखादी वस्तू ‘कशासाठी’ आहे हे ज्ञान पक्के होऊ लागते, तसा तिच्या इतर शक्यतांकडे पाहण्याचा वेग कमी होतो. आपली मुले पहिली-दुसरीत असतात तेच हे वय.

अर्थात वस्तूचा ठरलेला उपयोग कळणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. उलथणे कशासाठी असते हे न कळणाऱ्या मुलाला उलथण्याचा नवा उपयोगही शोधता येणार नाही.

सुरुवातीला कोणती वस्तू घ्यावी? आमच्या शाळेत साहित्य फार कमी आहे.

वस्तू निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : ती प्रत्येक मुलाच्या किंवा निदान प्रत्येक जोडीच्या हातात देता यावी, ती तुटली-फाटली तरी कोणी रागावू नये, आणि तिला ठळक असा एखादा गुण असावा, म्हणजे ती ताणली जावी, पोकळ असावी, पाणी शोषावी किंवा उघडमीट व्हावी. नारळाची करवंटी, कपड्यांचा चिमटा, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, दुधाची धुतलेली पिशवी, गोणपाट, आगपेटीचे रिकामे खोके, पिठाची चाळण या वस्तू कोणत्याही गावात मिळतात.

सोलापुरात मात्र आपल्यापाशी एक खास वस्तू आहे, ती म्हणजे सुताचा रिकामा कोन. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांत सूत ज्या जाड कागदी कोनांवर गुंडाळून येते, ते सूत संपल्यावर मोकळे होतात, आणि माग असलेल्या एखाद्या पालकाला सांगितले तर वर्गापुरते कोन सहज मिळतात. साधारण वीतभर उंची, एक तोंड रुंद, दुसरे अरुंद, आतून आरपार पोकळ, आणि पुठ्ठा इतका कडक की लहान मुलाच्या हातून दबत नाही. दुसरीच्या वर्गात हा कोन दिला की पहिली उत्तरे ठरलेली असतात : टोपी, भोंगा, आइस्क्रीम. थोड्या वेळाने कोणीतरी त्यातून वाळू सोडून पाहते आणि नरसाळे सापडते. एका वर्गात एका मुलीने कोनाचे रुंद तोंड मैत्रिणीच्या पाठीला लावले, अरुंद तोंडाला कान दिला, आणि ओरडली, “बाई, हिच्या आत धकधक वाजतंय!” त्यानंतर त्या तासाला दुसरे काही घेता आले नाही, प्रत्येकाला प्रत्येकाची धकधक ऐकायची होती.

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरने नेमके हेच केले होते. एका रुग्ण महिलेच्या छातीला थेट कान लावणे त्याला अवघड वाटले, म्हणून त्याने कागदाची घट्ट गुंडाळी करून तिचे एक टोक छातीवर ठेवले आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. स्टेथोस्कोपचा जन्म त्यातून झाला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण त्यांनी स्वतः कोन कानाला लावून झाल्यानंतर.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे कसे बसवायचे?

पहिली पाच-सात मिनिटे वस्तू नुसती हाताळू द्यावी. मुलांनी तिचा वास घ्यावा, ती आपटून आवाज ऐकावा, वाकवून पाहावी. या वेळात शिक्षकांनी उपयोगांविषयी काहीही विचारू नये, फार तर “हात फिरवल्यावर कसे लागते?” एवढे विचारावे. नंतर दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने विचार करून पाटीवर किंवा वहीत उत्तरे लिहावीत अथवा चित्रे काढावीत. त्यानंतर चार-चार मुलांचे गट करून उत्तरे एकमेकांना सांगू द्यावीत आणि प्रत्येक गटाने त्यांतला एक उपयोग करून पाहण्यासाठी निवडावा. उरलेला सगळा वेळ करून पाहण्यासाठी ठेवावा.

दहा मिनिटे एकट्याने विचार करण्याचा भाग कितीही शांत आणि रिकामा वाटला तरी तो आटोपता घेऊ नये. क्रिस्टेन्सन, गिलफर्ड आणि विल्सन यांनी १९५७ साली दाखवून दिले होते की अशा कामात उत्तरे सुचण्याचा वेग कालांतराने कमी होतो, पण उशिरा येणारी उत्तरे अधिक वेगळी असतात. पहिल्या दोन मिनिटांत जे येते ते सर्वांनाच येते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला वर्गात चुळबूळ सुरू होते, “झालं, सर” असे आवाज येतात, आणि बहुतेक शिक्षक नेमके तेथेच थांबतात. तेथून पुढे तीन-चार मिनिटे नेटाने थांबले, तर वहीत खाली-खाली लिहिलेली उत्तरे वाचण्यासारखी असतात.

सुरुवातीपासूनच गट का करू नयेत? गटात मुले जास्त बोलतात.

गटात आवाज जास्त होतो, उत्तरे जास्त येतातच असे नाही. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी एकत्र बसून कल्पना काढणारे गट आणि तितक्याच संख्येने एकेकटे विचार करणारे लोक यांची तुलना केली, तेव्हा एकेकट्यांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. याचे एक मोठे कारण साधे आहे : एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबता थांबता स्वतःचे सुचलेले निसटते. आपल्या वर्गांत त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. गटातले धीट मूल पहिले उत्तर देते आणि बाकीची तीन त्याच उत्तराच्या मागे जातात. आधी एकट्याने आणि मग गटात, हा क्रम म्हणूनच ठेवला आहे.

मुले ‘पेन ठेवायला’ आणि ‘खाऊ ठेवायला’ याच्या पुढेच जात नाहीत. काय करावे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. यावर खात्रीचा उपाय म्हणजे वस्तूचे भाग पाडून त्या भागांचे वर्णन उपयोग न सांगता करायला लावणे. टोनी मॅकॅफ्री या अमेरिकन संशोधकाने २०१२ साली ही पद्धत मांडली. तो दोनच प्रश्न विचारायला शिकवतो : या भागाचे आणखी लहान भाग होतील का, आणि मी केलेल्या वर्णनात उपयोग लपला आहे का? मेणबत्तीतल्या दोऱ्याला ‘वात’ म्हटले की जळणे आलेच. ‘सुताचा पीळ’ म्हटले की तो बांधायलाही चालतो हे दिसू लागते. ज्यांना ही पद्धत शिकवली त्यांनी, न शिकवलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ६७ टक्के अधिक कोडी सोडवली.

वर्गात हे कसे दिसते, ते टॉवेलच्या उदाहरणाने पाहू. तो तर आपल्या गावचाच. फळ्याच्या मध्यभागी टॉवेलचे चित्र काढावे आणि मुलांना विचारावे की यात काय काय आहे. पहिले उत्तर येते, “अंग पुसायचं कापड.” ते तसेच राहू द्यावे आणि म्हणावे, “पुसायचं हा शब्द न वापरता सांगा.” मग हळूहळू एकेक गोष्ट फळ्यावर येते : उभे धागे, आडवे धागे, दोन्ही बाजूंना वर आलेले सुताचे बारीक फासे, फासे नसलेला सपाट काठ, टोकाला शिवलेली दुमड. टॉवेल जाड आहे, पाणी धरून ठेवतो, पिळला की दोरासारखा होतो, गुंडाळला की लोडासारखा, ओला असताना जड आणि थंड लागतो. एवढे फळ्यावर आले की उपयोगांची यादी आपोआप बदलते. ‘पाणी धरतो आणि थंड लागतो’ यावरून मुलांना माठाला ओला टॉवेल गुंडाळायचे सुचते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ही कल्पना त्याच दिवशी करून पाहता येते. ‘फासे आहेत’ यावरून टॉवेल रंगात बुडवून कागदावर ठसे उमटवणे येते. ‘जाड आहे’ यावरून बाकाच्या पायाखाली घडी ठेवून ओढण्याचा आवाज बंद करणे येते. ‘ओलावा टिकतो’ यावरून मटकीला मोड आणणे येते, आणि ते सांगणारे मूल बहुधा घरी आजीकडे लक्ष देऊन पाहणारे असते.

उपयोग विचारण्याआधी गुण विचारायचे, एवढी एक गोष्ट सांभाळली तरी उपक्रमाचे निम्मे काम होते.

उदाहरण म्हणून शिक्षकांनी दोन-चार उपयोग आधी सांगावेत का?

नाही. स्मिथ, वॉर्ड आणि शूमाकर यांनी १९९३ साली केलेल्या प्रयोगांत, आधी नमुने दाखवलेल्या लोकांच्या कल्पनांत त्या नमुन्यांतली वैशिष्ट्ये उतरत राहिली. मुलांच्या बाबतीत तर शिक्षकांनी सांगितलेले उदाहरण हे उदाहरण राहत नाही, ते ‘बरोबर उत्तर’ होते. काय करायचे आहे हे समजावण्यासाठी उदाहरण द्यावेच लागले, तर ते दुसऱ्याच वस्तूचे द्यावे.

मूल अगदीच अशक्य काही बोलले तर? “टॉवेलवर बसून उडायचं” यासारखे?

फळ्यावर लिहावे. कल्पना काढणे आणि कल्पना निवडणे ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी करावीत, हे तत्त्व ॲलेक्स ऑसबर्न या जाहिरात व्यावसायिकाने १९५० च्या दशकात लोकप्रिय केले, आणि वर्गासाठी ते अजूनही उपयोगाचे आहे. निवडण्याची वेळ आली की त्या मुलाला विचारावे, “उडायचं असेल तर टॉवेलला आणखी काय काय लागेल?” चार कोपऱ्यांना दोरे बांधून, खाली खडा लटकवून तो पहिल्या मजल्यावरून सोडणारी मुले याच प्रश्नातून पुढे आली आहेत. टॉवेल जड असल्याने धपकन खाली येतो, हे पाहिल्यावर त्यांनी दुधाची पिशवी घेतली. असे विचारण्याने सगळ्या कल्पना मार्गी लागतात असे नाही. काही नुसत्या हसण्यावारी जातात, आणि त्यात काही बिघडत नाही.

मात्र कोणाला हिणवण्यासाठी किंवा वर्गाला हसवण्यासाठी दिलेले उत्तर आणि मनापासून दिलेले वेडगळ उत्तर यांतला फरक शिक्षकांना कळतो. पहिल्याला फळ्यावर जागा देऊ नये.

पहिलीच्या मुलांना लिहिता येत नाही. मग?

चित्र काढू द्यावे किंवा करून दाखवू द्यावे. “बोलू नका, नुसते करून दाखवा” असा खेळ घेतला तर न बोलणारी मुलेही पुढे येतात.

आमच्या वर्गातील बरीच मुले घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. मराठीत त्यांना सुचत नाही.

त्यांना घरच्या भाषेत सुचू द्यावे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू या भाषा रस्त्यावर रोज ऐकू येतात, आणि पूर्व भागातील शाळेत एकाच बाकावर दोन घरभाषा असणे ही नित्याची बाब आहे. एकट्याने विचार करण्याच्या दहा मिनिटांत भाषेची अट घालूच नये. गटात आल्यावर शेजारची मुले अर्थ लावून देतात. शिक्षकांना ती भाषा येत नसेल तर मुलाला वस्तू हातात घेऊन दाखवायला सांगावे. या उपक्रमात वस्तू समोर असते, त्यामुळे भाषेची अडचण इतर तासांपेक्षा येथे कमी येते.

पटसंख्या पन्नासच्या वर आहे, किंवा उलट दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसतात. हे जमेल का?

मोठ्या वर्गात सगळ्यांनी एकाच वेळी करून पाहणे कठीण जाते. तेथे गटांना आळीपाळीने दिवस द्यावेत. आज दोन गट करतील, बाकीचे पाहतील आणि शंका विचारतील. वाड्यावस्त्यांवरील एकत्र वर्गांत उपक्रम उलट सोपा जातो. पहिलीतल्या मुलाला खोक्याचे घर सुचते आणि चौथीतल्या मुलाला त्या घराला दार कसे लावायचे हे सुचते. इयत्तेनुसार वेगळे बसवण्याची गरज नाही.

कोणत्या वस्तू वर्गात आणू देऊ नयेत?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकाने उपक्रमाच्या आधी पालकांनाही कळवावे. काच, ब्लेड, पत्र्याचे धारदार तुकडे, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल, इंजेक्शनच्या सुया आणि औषधांची उरलेली पाकिटे अजिबात नकोत. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा मुलांना फार आवडतो, पण त्याची दोन्ही टोके धातूची आणि अणकुचीदार असतात. तो शिक्षकांनी हातात धरून दाखवावा, मुलांच्या हाती देऊ नये.

दोन बाबी आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली, ज्या घरांत विड्या वळण्याचे काम चालते, तेथील सूप, पान कापण्याचा पत्र्याचा साचा, तंबाखूचे डबे यांपैकी काहीही आणू देऊ नये. तंबाखूची पूड वस्तूंना चिकटून राहते आणि त्यातील निकोटीन त्वचेवाटेही शरीरात जाते. हे सांगताना त्या घरच्या कामाचा अपमान होणार नाही याची काळजी घ्यावी. वस्तू नको, एवढेच सांगावे.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. द्राक्षे आणि डाळिंबांच्या बागा असलेल्या गावांत कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे बांधावर पडलेले असतात. ते मजबूत, रंगीत आणि घट्ट झाकणाचे असल्याने मुलांना उत्तम साहित्य वाटतात. कितीही धुतले तरी असे डबे कोणत्याही दुसऱ्या कामासाठी वापरायचे नसतात. त्याच धर्तीवर शीतपेयाच्या बाटलीत फिनेल किंवा रॉकेल भरून ठेवणे हा एक ‘नवा उपयोग’ अनेक घरांत होतो आणि त्यातून लहान मुलांना विषबाधा होते. कोणत्या वस्तूंचा नवा उपयोग करू नये आणि का, यावर चौथी-पाचवीच्या वर्गात एक पूर्ण तास घ्यावा. मुले त्या तासाला घरातली खरी उदाहरणे सांगतात, आणि ती शिक्षकांनी ऐकण्यासारखी असतात.

उत्तम कल्पनेला बक्षीस द्यावे का?

आमचे मत स्पष्टपणे विरोधी आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ सालचा अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक ठरतो. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना “चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल” असे आधी सांगितले गेले, तेव्हा पुढील दिवसांत मोकळ्या वेळी त्या मुलांनी चित्रे काढणे कमी केले. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळाले किंवा मिळालेच नाही, त्यांच्या आवडीत अशी घट दिसली नाही. बक्षीस जाहीर केले की मुले शिक्षकांना काय आवडेल याचा अंदाज घेऊ लागतात. त्याऐवजी सुचलेली कल्पना शाळेत खरोखर वापरात आणावी. एखाद्या मुलाने सायकलच्या ट्यूबची पट्टी वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला लावायला सांगितली असेल तर ती खिडकीला लावावी आणि वर्षभर राहू द्यावी.

मग मूल्यमापन कसे करायचे? नोंदी तर द्याव्याच लागतात.

आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी गिलफर्ड यांच्या परंपरेतील चार निकष पुरेसे आहेत, ई. पॉल टॉरन्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांतही त्यांचाच आधार होता. किती उत्तरे दिली, किती वेगवेगळ्या प्रकारची दिली, इतरांहून किती वेगळी दिली आणि किती तपशिलाने सांगितली, हे ते निकष. यांतील पहिल्या दोहोंची गल्लत होते. करवंटीत मीठ ठेवायचे, तेल ठेवायचे, हळद ठेवायची ही उत्तरे संख्येने तीन असली तरी प्रकाराने एकच आहेत. करवंटीत मीठ ठेवायचे, करवंट्या एकमेकींवर आपटून घोड्याच्या टापा वाजवायच्या आणि करवंटीची कड फिरवून पाटीवर गोल काढायचा, ही तीन वेगळ्या प्रकारची उत्तरे आहेत. वेगळेपणा ठरवताना सोपी कसोटी अशी की जे उत्तर त्या वर्गात एकाच मुलाने दिले, ते त्या वर्गापुरते वेगळे. जगात ते पूर्वी कोणी केले आहे का, हा प्रश्न या वयात गैरलागू आहे.

गुण देऊन क्रमांक मात्र लावू नयेत.

पालक म्हणतात, यात अभ्यासाचा वेळ वाया जातो.

पालकांची चिंता समजण्यासारखी आहे आणि तिला थट्टेने उत्तर देऊ नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सर्जनशील विचारावर भर आहे, हे सांगता येते. पण पालकांना कलमांपेक्षा वही जास्त पटते. टॉवेलच्या तासानंतर मुलाने लिहिलेली वर्णनाची दहा वाक्ये, कोनातून वाळू रिकामी व्हायला लागलेला वेळ मोजलेला तक्ता, ओला आणि कोरडा टॉवेल गुंडाळलेल्या माठांतील पाण्याच्या तापमानाच्या नोंदी हे सर्व भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांचेच काम आहे. त्यासाठी वेगळा तास काढायची गरज नाही. कार्यानुभवाची तासिका आणि परिसर अभ्यासाची तासिका जोडून घेतली की पुरते.

घरी पालकांनी काय करावे?

जेवणाच्या वेळी ताटाजवळची एखादी वस्तू उचलून प्रश्न विचारावा आणि स्वतःचेही उत्तर द्यावे. परीक्षा घेतल्यासारखे विचारू नये. ज्या दिवशी नळाला पाणी येते, त्या दिवशी सोलापूरच्या घराघरांत पिंप, घागरी, पाइप आणि बादल्या यांची जी जुळवाजुळव चालते, ती मुलाला पाहू द्यावी आणि शक्य तेथे सोपवावी. पाइप पिंपातून निसटू नये म्हणून काय लावायचे, गळणारा जोड कशाने आवळायचा, हे प्रश्न खरे असतात आणि त्यांची उत्तरे घरातल्याच वस्तूंत असतात. आजीला जुन्या साड्यांची वाकळ शिवताना पाहणे किंवा मागावर काम करणाऱ्या काकांनी तुटक्या सुताची दोरी कशी वळली ते विचारणे, हाही चांगला अभ्यास आहे.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे चौथी-पाचवीसाठी, अधिक अवघड काही आहे का?

आहे. त्यांना वस्तू न देता गरज द्यावी आणि तीन ठरावीक वस्तूंतून ती भागवायला सांगावी. उदाहरणार्थ, पोषण आहाराच्या रांगेत ताटे वाजतात, तो आवाज कमी करायचा. साहित्य फक्त गोणपाट, दोरा आणि पुठ्ठा.

याच वयात जॅकॉर्डची गोष्टही सांगता येते. सोलापूरच्या चादरीवरची नक्षी ज्या जॅकॉर्ड यंत्रणेने विणली जाते, तिच्या जुन्या प्रकारात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. छिद्र आहे की नाही यावर कोणता धागा वर उचलायचा हे ठरते. फ्रान्समधील ल्यों शहरात जोसेफ-मारी जॅकॉर्ड याने ही यंत्रणा १९ व्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. पुढे १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी असेच छिद्रांचे पुठ्ठे वापरायचे ठरवले. धागे उचलण्यासाठी केलेल्या पुठ्ठ्यांना आकडेमोडीचे काम देण्याची ही कल्पना होती. एखाद्या कारखान्यात जुने पुठ्ठे मिळाले तर एक पट्टी वर्गात आणावी आणि छिद्रांतून मुलांना स्वतःची खूणभाषा तयार करायला सांगावी. आमच्या पाहण्यात चौथी-पाचवीचा वर्ग इतका गुंतून गेलेला क्वचितच दिसतो.

पुढे कोठे संधी आहे?

सहावीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक योजना आहे. शाळेमार्फत मूळ कल्पना पाठवता येते आणि निवड झाल्यास ती प्रत्यक्षात आणण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. प्राथमिक शिक्षकांनी मात्र त्या योजनेकडे डोळे लावून तिसरीपासूनच तयारी सुरू करू नये. साध्या वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी कशी होतात हे पाहायचे असेल तर अरविंद गुप्ता यांचे काम पाहावे. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार तयार करण्याची त्यांची पद्धत देशभर गेली. पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिक्षकांनी ती खेळणी आधी स्वतः करून पाहावीत. मुलांना दाखवायची घाई करू नये.

जमलेल्या वस्तू वर्गात ठेवायच्या कोठे? जागाच नाही.

दोन गोण्या पुरतात. एका गोणीत अजून न वापरलेल्या वस्तू, दुसरीत एकदा वापरून झालेल्या. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुसरी गोणी मुलांसमोर ओतावी, जे कोणालाच नको ते भंगारवाल्याला द्यावे आणि उरलेले पहिल्या गोणीत टाकावे. उंदीर लागू नयेत म्हणून खाण्याच्या वस्तूंची वेष्टने आणि न धुतलेल्या पिशव्या ठेवू नयेत.